बाई टिकत नाही, असं म्हणण्याआधी

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या एका गावात राहतो. सासूबाई ७८ वर्षांच्या. मागच्या वर्षी न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून गोळा बदलला. वॉकर घेऊन चालतात, पण तेव्हापासून विसरणं खूप वाढलं, रात्री उठून "मला माझ्या घरी न्या" म्हणतात. मी अंगणवाडी सेविका आहे, हे वावरात असतात, दीर पुण्याला नोकरीवर, ते दर महिन्याला पैसे पाठवतात. एका वर्षात तीन बाया लावल्या. नागपूरच्या ब्युरोची पोरगी पंधरा दिवसही राहिली नाही. गावातली बाई दिवाळीत कापूस वेचायला निघून गेली. तिसरी बाजूच्या गावची, विधवा आहे, कामाला चांगली होती, आईंचं करून भांडी, धुणं, अंगण झाडणं सगळं करायची, रात्री पण थांबायची. पण आईंनी "माझी पोत चोरली" म्हणून आरडाओरड केली, चार लोकं जमली, हे पण तिला बोलले. ती रडत गेली ते परत आली नाही. दोन दिवसांनी पोत तांदळाच्या डब्यात सापडली. आई तिची जात काढायच्या, तिच्या हातचं पाणी घ्यायच्या नाही, म्हणून आम्ही तिचं ताट-कप वेगळं ठेवलं होतं. दीर म्हणतात कॅमेरा लावा, गावातले म्हणतात घरात सून असतांना बाई कायले. आजकाल कोणाला काम करायलाच नको. काय करू?

उत्तर :

ताई, आधी पोतीचं बोलू. बाकीचं चार दिवस मागंपुढं झालं तं चालेल, हे नाही चालणार.

पोत डब्यात सापडली हे तुम्ही मला लिहिलं, पण त्या बाईला कोणी सांगितलं का, ते पत्रात कुठंच नाही. तिच्यावर आळ आला तो चार लोकांसमोर आला आणि बाजूचं गाव म्हणजे किती लांब, संध्याकाळी तुमच्या दारात झालेलं बोलणं सकाळी तिकडच्या पिठाच्या चक्कीवर पोहोचलेलं असतं. एकटी बाई, हातावर पोट, उद्या तिला कोणी वावरात निंदायला बोलावतांना पण विचार करतील, घरात कामाला घ्यायचं तं सोडूनच द्या. म्हणून तुम्ही आणि तुमचे मिस्टर दोघंही तिच्या घरी जा, ते बोलले होते म्हणून ते तं पाह्यजेच. "पोत सापडली, तांदळाच्या डब्यात होती, तुमचा काही दोष नव्हता, आम्ही चुकीचं बोललो" एवढं सरळ बोला, शेजारची कोणी बसलेली असेल तं तिच्यासमोर पण बोला, उलट बरंच आहे. आणि तुमच्या दारात जे जमले होते त्यांनाही स्वतःहून सांगा. जितक्या दिवसांचा पगार राहिला असेल तो द्या, पण त्याच दमात "मग उद्यापासून येता का" असं विचारू नका. माफी मागायला गेलात तं माफी मागून या, यायचं का नाही ते तिला दोन-चार दिवसांनी ठरवू द्या.

आता आईंबद्दल. त्यांनी मुद्दाम आळ घेतला असं नाही. विसरण्याच्या आजारात, म्हणजे डॉक्टर ज्याला डिमेंशिया म्हणतात, ही चोरीची शंका फार कॉमन आहे. माणूस वस्तू जपून ठेवायची म्हणून कुठंतरी लपवतो, मग लपवल्याचंच विसरतो, वस्तू जागेवर दिसत नाही, मेंदूला काहीतरी कारण पाह्यजे असतं, मग कोणीतरी नेली. आणि "कोणीतरी" म्हणजे दिवसभर जी सगळ्यात जवळ असते तीच. आज ती बाई होती, बाई नसली की तुमचं नाव येईल, तेव्हा तुम्हाला कळेल की त्यात तिचा काहीच संबंध नव्हता. असं झालं की "कोणी नाही चोरली" म्हणून वाद घालू नका, त्याने त्या जास्त भडकतात. "हो का आई, चला आपण दोघी शोधू" म्हणा. लपवायच्या जागा ठरलेल्या असतात, तांदळाचा डबा तं कळलाच, उशीची खोळ, गादीखाली, देवघरामागं, जुन्या लुगड्याच्या घडीत, सगळ्या जागा बाईला पण माहीत असू द्या. आणि खरी पोत तुमच्या कपाटात ठेवा, आईंच्या गळ्यात तशीच दिसणारी बेंटेक्सची घाला, दोन घेऊन ठेवा, एक हरवली की दुसरी. त्यांना गळ्यात पोत पाह्यजे, तोळ्याचा हिशोब त्या आता करून नाही राहिल्या. यात फसवणूक वगैरे काही नाही, रोजची एक भीती कमी होते.

विसरणं ऑपरेशननंतर वाढलं असं तुम्ही लिहिलं, ते डॉक्टरला याच शब्दात सांगितलं का? म्हातारपण आहे म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ कमी असणं, थायरॉईड, याने पण विसरणं वाढतं आणि त्याला औषध आहे, साध्या रक्ताच्या तपासणीत कळतं. आणि कधी दोन-तीन दिवसातच एकदम बडबड वाढली, माणूस ओळखेना, दिवसभर झोपून राहिल्या, तं ते विसरण्याच्या आजाराने नसतं बहुतेक, लघवीचं इन्फेक्शन, पोट साफ न होणं, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, नाहीतर नवीन सुरू झालेली एखादी गोळी. तेव्हा थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. हे जी कोणी बाई ठेवाल तिला पण सांगून ठेवा कारण बदल पहिले तिलाच दिसेल.

ताट-कपाचं. इथं मी गोड बोलणार नाही ताई, तुम्ही विश्वासाने लिहिलं म्हणूनच. जी बाई तुमच्या सासूचं हागणं-मुतणं काढते, अंग पुसते, रात्री धरून संडासला नेते, तिने तुमच्या कपात चहा प्यायला नाही पाह्यजे? आईंचा मेंदू आता लहानपणीचं शिकवलेलं धरून बसला, त्यांना समजावून काही बदलणार नाही हे मान्य. पण वेगळं ताट आईंनी नाही काढलं, तुम्ही काढलं. अस्पृश्यता आपल्या संविधानाच्या १७ व्या कलमाने १९५० पासून बंद आहे आणि आपण नागपूरच्या दीक्षाभूमीपासून दोन-तीन तासावर राहून अजून कप वेगळे धुतो, हे बंद करा. तिने तुमच्याच भांड्यात, तुम्ही जेवता तेच, बसून जेवायचं. आईंसमोर जातीची चर्चाच नको, त्यांनी विचारलं तं उत्तर बाईने नाही द्यायचं, तुम्ही द्यायचं, "आई, ही आपल्याकडची आहे, पाणी घ्या" म्हणायचं आणि लगेच दुसरी गोष्ट काढायची, पऱ्हाटी कशी आली, गाय व्याली का, काहीही. एखाद्या वेळी नाहीच घेतलं पाणी तं पाच मिनिटांनी तुम्ही द्या, भांडण नको. पण आईंनी वाईटसाईट काढलं की तुम्ही तिथल्या तिथं बाईच्या बाजूने बोललं पाह्यजे, ती एकटी ऐकून घेत राहिली नाही पाह्यजे. आणि काही घरात बाईला नाव बदलून सांगायला लावतात, आडनाव लपवायला लावतात, तसलं काही करू नका. तिला १४ एप्रिलला किंवा दसऱ्याला दीक्षाभूमीला जायचं असेल तं ती सुट्टी आधीच धरून चाला, जशी तुमच्या घरी महालक्ष्म्यांची धरता.

आता तुमचं ते वाक्य, आजकाल कोणाला काम करायलाच नको. तुमचंच पत्र परत वाचा. आईंचं करून भांडी, धुणं, अंगण, आणि रात्री पण थांबायची. म्हणजे सकाळी पाचला अंगण झाडण्यापासून रात्री तीनला "मला घरी न्या" म्हणणाऱ्या आईंना परत झोपवण्यापर्यंत एकच बाई. ती झोपायची कधी? तुम्ही अंगणवाडीतून आल्यावर थकता ना, तुम्हाला कोणी पोषण आहार, रजिस्टर, वजनं, आणि वरून सर्वे सांगितला की तुम्ही पण चिडता ना, बरोबरच आहे चिडणं. तिसरी बाई पोतीमुळं गेली हे खरं, पण पोत नसती तरी दोन-तीन महिन्यात ती आजारी पडून गेली असती.

गावातली बाई वेचणीला गेली त्याचंही तसंच. दिवाळीच्या आसपास सोयाबीन निघतं, कापूस फुटतो, तेव्हा बाईला किलोवर वेचाई मिळते, हात चालणारी असेल तं चांगली मिळते, सोबत चार मैत्रिणी असतात, दुपारी धुऱ्यावर बसून डबा, संध्याकाळी आपल्या घरी आपल्या लेकरात. ते सोडून तिने तुमच्या घरात चोवीस तास कोंडून कमी पैशात काहून राहावं? यात तिचा बेइमानपणा काही नाही. सीझन कधी येतो हे तुम्हाला पण माहीत आहे, तुमच्याच घरी कास्तकारी आहे. तं आधीच बोलायचं, ऑक्टोबर ते जानेवारी पगार इतका वाढेल, किंवा तेव्हा तुम्ही फक्त सकाळी-संध्याकाळी या, दुपारचं आम्ही पाहू. आणि ब्युरोची पोरगी, ती शहरातली, वयाने लहान, गावात ओळखीचं कोणी नाही, मोबाईलला रेंज नाही, मला तं ती पंधरा दिवस राहिली याचंच विशेष वाटतं. ब्युरोकडून परत कधी घ्यायची वेळ आली तं तीन गोष्टी विचारा, तुमच्या पैशातले मुलीच्या हातात किती जातात, पोलीस व्हेरिफिकेशन झालं का, आणि ती गेली तं बदली गावापर्यंत किती दिवसात येते. नाहीतर नागपुरात बसून बदलीचं बोलणं सोपं असतं, गावात दिवसातून दोनदा एसटी येते.

आपल्याकडे गुढीपाडव्याला सालदार ठेवतांना कसं सगळं मोकळं बोलून होतं, सालाचे किती, धान्य किती, कपडे, चप्पल, ईसार किती, सुट्टी कोणती, दोन माणसं साक्षीला असतात. घरच्या म्हाताऱ्या माणसाला सांभाळायला बाई ठेवतांना मात्र "या, घरच्यासारखं राहा" एवढंच बोलून होते आणि मग दोन्हीकडून रुसवे. तसं मोकळं बोला आणि वहीत लिहा. किती वाजता यायचं, किती वाजता जायचं. कामं कोणती, म्हणजे आंघोळ, जेवण, गोळ्या, चालवणं, संडास, आईंचे कपडे आणि आईंचं अंथरूण. घरची भांडी-धुणं यात नाही, ते पाह्यजे असेल तं वेगळे पैसे, आणि ती हो म्हणाली तरच. महिन्याला चार सुट्ट्या आणि त्या दिवशी तुमच्यापैकी कोण थांबणार ते पण आत्ताच. पगार ठरलेल्या तारखेला, शक्यतो तिच्या स्वतःच्या खात्यात, रोख दिला तं वहीत तिची सही. दर वर्षी वाढ. ती आजारी पडली तं पगार कापायचा नाही, निदान दोन-चार दिवस तरी. रात्रीचं तं अगदी स्पष्ट ठरवा, आई रात्री तीन-चारदा उठतात तं एक रात्र ती, एक रात्र तुम्ही किंवा तुमचे मिस्टर. हो, मिस्टर पण, त्यांची आई आहे. रात्रीची बाई परवडत नसेल तं दिवसाचीच ठेवा आणि रात्र घरच्यांनी वाटून घ्या, ते जास्त टिकतं. आणि ईश्रम कार्ड (असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी), घरेलू कामगार कल्याण मंडळाची नोंदणी (त्याचा कायदा २००८ चा आहे) यासाठी तिला कागद भरून द्या, तुम्हाला अंगणवाडीमुळं फॉर्म भरायची सवय आहे, तिला नाही.

तुमच्या बाजूनेही सावध राहायचं असतंच, मी काही सगळ्याच बाया देवमाणसं असतात असं म्हणत नाही. आधार कार्डची झेरॉक्स, फोटो, तिच्या एका नातेवाइकाचा नंबर घ्या, पोलीस पाटलांना आणि ठाण्यात कळवून ठेवा, हे सगळ्यांसाठीच करतात असं सांगून करा. कामावर येते त्या दिवशी तिच्यासमोर दागिने, पैसे, पासबुक कपाटात ठेवून कुलूप लावा, उद्या काही हरवलं तं तिच्यावर यायला नको म्हणून, यात तिचंही भलं आहे. पैसे काढायला आईंना बाईसोबत सेंटरवर अंगठा लावायला पाठवू नका, ते काम घरच्यांनीच करायचं. आठवड्यातून एकदा आंघोळ तुम्ही स्वतः घाला, अंगावर कुठं काळं-निळं आहे का, माकडहाडाजवळ, टाचेला, खुब्यावर लाल डाग आहे का ते दिसतं. आई दिवसभर गुंगीत दिसल्या किंवा एखाद्या माणसाला पाहून दचकायला लागल्या तं चौकशी करा. आणि कधी न सांगता दुपारी घरी चक्कर मारा.

कॅमेऱ्याचं म्हणाल तं माझा पूर्ण विरोध नाही. पण बाईला सांगून लावायचा, आंघोळीच्या आणि कपडे बदलायच्या जागी अजिबात नाही, आणि लाईन गेली की तो बंदच आहे हे पण लक्षात ठेवा. खरी अडचण दुसरी होते, पुण्याहून दीर कॅमेऱ्यात पाहून बाईला फोन करतात "हे असं काहून केलं", इकडे तुम्ही एक सांगता, मिस्टर दुसरं सांगतात, आणि ती तिघांचं ऐकते. सांगणारी एकच असू द्या, ती तुम्ही. दिरांना काही सांगायचं असेल तं तुमच्या फोनवर. आणि दीर पैसे पाठवतात ते चांगलंच आहे, पण पैसे पाठवून झालं असं नाही होत, वर्षातून दोनदा आठ-दहा दिवस त्यांनी येऊन आईंचं स्वतः करावं, रात्रीसकट. तेव्हा तुम्ही माहेरी जा, झोपा, काही करा. हे त्यांना तुम्ही नाही, तुमच्या मिस्टरांनी सांगावं.

घरात सून असतांना बाई कायले, असं जे म्हणतात त्यांना काही उत्तर देत बसू नका. तुमच्या अंगणवाडीत लेकरं वाट पाहतात, तुमचं मानधन घरात येतं, आणि ७८ वर्षांच्या माणसाला उचलून-धरून तुमचीच कंबर गेली तं ते लोक काही भाकरी टाकायला येणार नाहीत. बाई लावली म्हणून तुम्ही सून म्हणून कमी नाही पडत.

सरकारी मदतीचं थोडक्यात. बाईच्या पगारासाठी म्हणून सरळ पैसे देणारी योजना नाही, त्या आशेवर राहू नका. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना एकदा ३,००० रुपये मिळतात, वर्षाचं उत्पन्न दोन लाखाच्या आत पाह्यजे, समाज कल्याण कार्यालयात विचारा, त्यातून कमोडची खुर्ची येते आणि ती तुम्हाला लागणारच आहे. कारण गोळा बदललेल्या माणसाने उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, ठेंगण्या पाटावर बसायचं नाही, आणि आपल्या गावातले संडास सगळे उकिडवं बसायचे. श्रावणबाळ योजनेत महिन्याला १,५०० मिळतात पण उत्पन्नाची अट कडक आहे, तहसीलला विचारून घ्या. सत्तरीच्या वरच्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखापर्यंत दवाखान्यात भरतीचा खर्च मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, आईंचं काढलं नसेल तं काढा. आणि १४५६७ हा ज्येष्ठांचा फुकट हेल्पलाईन नंबर आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, विसरण्याच्या आजाराबद्दल पण तिथं बोलता येतं.

उन्हाळ्याचं विसरू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, आणि अशा माणसाला तहान लागली तरी ती सांगता येत नाही. दर तासाला घड्याळ पाहून दोन-चार घोट पाणी, ताक, पन्हं काहीतरी (डॉक्टरने पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल तं तसं). कूलर आईंच्या खोलीत लावाल तं बाईची बाज पण त्याच खोलीत टाका.

ती बाई नाहीच आली तं गावातल्या आशाताईंना आणि बचत गटातल्या बायांना विचारा, कोणाच्या घरी आधी कोणी म्हाताऱ्या माणसाचं केलं ते त्यांना माहीत असतं. नर्सिंग असिस्टंटचा कोर्स केलेल्या मुली पण तालुक्याला भेटतात, पण तुमच्या आईंना सध्या नळी, इंजेक्शन, ड्रेसिंग काही नाही, तं शिकलेलीच पाह्यजे असं नाही, शांत स्वभावाची आणि ताकदीची पाह्यजे. पहिला आठवडा तुम्ही रजा टाकून सोबत थांबा. पहिले दोन दिवस आंघोळ तुम्ही घाला आणि तिने पाहावं, मग तिने घालावी आणि तुम्ही पाहा, वॉकर कोणत्या बाजूने धरायचा, खुर्चीवरून उठवतांना काखेत हात घालून ओढायचं नाही, जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही, गोळ्या कोणत्या डब्यात, हे सगळं दाखवून. आठवडा झाला की तिला विचारा काय जड जातं, आणि ती जे सांगेल ते वहीत लिहून पुढचं ठरवा.